आधी पाण्याला वाट, मग टाइल्स



नवे घर पाहायला आलेला पाहुणा बैठक पाहतो, स्वयंपाकघरात डोकावतो, बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या तसबिरीसमोर हात जोडतो. न्हाणीघराचे दार मात्र कोणी उघडून पाहत नाही. म्हणूनच घर बांधताना सगळ्यात शेवटी, हातात राहिलेल्या पैशात आणि उरलेल्या वाळूत न्हाणीघर उरकले जाते. घर किती वर्षे टिकणार याचा निकाल मात्र त्या सहा बाय चारच्या खोलीत लागतो. छतावर पाणी पडते ते पावसाळ्याचे चार महिने. न्हाणीघरात ते वर्षाचे ३६५ दिवस पडते.

आमच्या करमाड परिसरात हा प्रश्न घरोघरी आहे. पूर्वी गावात न्हाणीला शहाबादी फरशी असायची. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची ही चुनखडीची फरशी जुन्या निजामी मुलखात गावोगाव पोचली. ती खरबरीत, पाय न घसरणारी आणि पन्नास वर्षे टिकणारी. पण फरशीखालचा चुना-माती झिजली, सांधे उघडे पडले, की पाणी खाली उतरू लागते. नंतर शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आली, भाड्याच्या खोल्या वाढल्या, घरकुले झाली. दोन-दोन कुटुंबांच्या वापराची न्हाणीघरे घाईने उभी राहिली. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी २००८ साली सुरू झालेल्या रमाई आवास योजनेतील ग्रामीण घरकुल २६९ चौरस फुटांचे. एवढ्या लहान घरात न्हाणीघराची ओल लपायला जागाच नसते. पलीकडच्या भिंतीला धान्याची कोठी किंवा पोरांची पुस्तके असतात, ओल थेट तिथे पोचते.

त्यात आपली जमीन काळी. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. न्हाणीघरातून रोज थोडे थोडे पाणी जोत्याखाली मुरले, तर एका कोपऱ्याखालची माती फुगलेली आणि दुसऱ्या कोपऱ्याखालची कोरडी राहते. मग भिंतीला तिरकी भेग पडते, दार चौकटीत अडकू लागते. लोक म्हणतात, "सुताराने दार नीट केले नाही." सुताराचा त्यात काही दोष नसतो, दोष न्हाणीच्या फरशीखाली असतो.

भगवंतांच्या काळातील न्हाणीघर

हा विषय क्षुद्र आहे असे कोणी समजू नये. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या स्नानगृहाची, म्हणजे जन्ताघराची, तपशीलवार चर्चा आहे. जन्ताघरात चिखल होऊ लागला तेव्हा भगवंतांनी जमिनीवर विटा, दगड किंवा लाकूड अशा तीन प्रकारची फरसबंदी करण्यास अनुमती दिली. तरीही चिखल होई, तेव्हा ती जमीन धुण्यास अनुमती दिली. मग पाणी साचू लागले, तेव्हा ते बाहेर जाण्यासाठी नाली करण्यास अनुमती दिली. अडचण दिसली, उपाय केला, तो अपुरा ठरला, पुढचा उपाय केला. चिखल हे कोणाचे प्रारब्ध मानले नाही, त्याचे कारण शोधले.

आपल्याच जिल्ह्यात कन्नड तालुक्यातील पितळखोरा लेणी पाहा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरली गेलेली ही लेणी. डोंगरातून झिरपणारे पाणी आत येते हे कारागिरांनी ओळखले होते. त्यांनी खडकातून पाणी काढून देण्याची वाट कोरली आणि तिच्या मुखाशी पाच फण्यांचा नाग कोरला, ज्याच्या फण्यांतून पाणी बाहेर पडावे. पुढे शतकानुशतके पाण्याने या लेण्यांचे बरेच नुकसान केलेच, पण त्यांच्या कर्त्यांना पाण्याची ताकद माहीत होती. त्याहून जुने उदाहरण मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचे. तिथे विटांच्या मागे डांबराचा थर दिलेला सापडला. दिसणाऱ्या विटेमागे न दिसणारा थर, हे शहाणपण चार हजार वर्षांहून जुने आहे. आपण नेमके तेच विसरतो आणि दुकानात जाऊन टाइल्सचा रंग निवडत बसतो.

टाइल्स पाणी अडवत नाहीत

गावात ज्याला आपण 'स्टाईल' म्हणतो, ती टाइल स्वतः पाणी अडवते हे खरे. पण दोन टाइल्समधला सांधा पाणी अडवत नाही. साध्या सिमेंटने भरलेल्या सांध्यातून पाणी हळूहळू झिरपतेच. म्हणून पाणी अडवण्याचे काम टाइलच्या खालच्या थराचे. टाइलचे काम खोली स्वच्छ ठेवण्याचे. हा भेद ध्यानात आला तर निम्मा खर्च योग्य जागी लागेल.

फरशी बिघडल्याची लक्षणे घरातल्या बाईला सगळ्यात आधी कळतात, कारण तिथे धुणे तीच धुते. टाइलवर चमच्याच्या दांड्याने ठोकले की पोकळ आवाज येतो. पाय ठेवला की टाइल हलते आणि सांध्यातून पाणी वर येते. पलीकडच्या भिंतीला खालून हात-दीड हात पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुलतो. कुबट वास जात नाही. या तक्रारीकडे घरातल्या पुरुषांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून दुर्लक्ष करू नये. वर्षभर मुरलेले पाणी दुरुस्तीचा खर्च वाढवते. आणि हललेल्या टाइलवरून घसरून म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, तर दवाखान्याचा खर्च अख्ख्या न्हाणीघरापेक्षा मोठा होतो.

फोडण्याआधी शोधा

ओल कुठून येते हे कळल्याशिवाय छिन्नीला हात लावू नका. ओल दोन ठिकाणांहून येऊ शकते. एक तर भिंतीतला नळाचा पाईप गळतो, किंवा फरशी आणि जाळीखालून पाणी उतरते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. रात्री झोपताना सगळे नळ बंद करा, वरच्या टाकीची पातळी खडूने आखा. सकाळी कोणी नळ सोडण्याआधी पातळी पाहा. खाली गेली असेल तर पाईपलाईनमध्ये किंवा एखाद्या नळात गळती आहे. पातळी तशीच राहिली, तर चार-पाच दिवस अंघोळ आणि धुणे दुसरीकडे करा. त्या दिवसांत भिंतीची ओल उतरू लागली तर दोष फरशीचा. पाईप गळत असताना फरशी बदलणे म्हणजे ताप आलेल्या माणसाचा सदरा बदलणे होय.

दोष फरशीचा निघाला, तर ठिगळ लावू नका. हललेल्या चार टाइल्स काढून तिथे माल भरला, की पाणी शेजारच्या सांध्यातून जाते. जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स बसवण्याचा सल्लाही काही जण देतात. खालचा थर कोरडा आणि घट्ट असेल तिथे ते चालते. ओल लागलेल्या फरशीवर ते मुळीच चालत नाही. शिवाय फरशीची उंची वाढते, उंबरा बुडतो आणि पाणी घरात येते. न्हाणीघराची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा निदान इंचभर खाली असलीच पाहिजे.

म्हणून सगळी फरशी काढा. खालचा भिजलेला, भुसभुशीत झालेला माल टणक थर लागेपर्यंत उकरा. भिंतीचा खालचा फूटभर गिलावाही काढा, कारण ओल तिथेच चढलेली असते. मग दारे-खिडक्या उघडून जागा वाळू द्या. ओल्या भिंतीवर प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा रंग फासून लोणा थांबत नाही, फक्त काही महिने झाकतो. घरात दुसरी सोय नसेल तर शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. आठ-पंधरा दिवसांची अडचण आहे. आयाबहिणींच्या अंघोळीची आडोशाची सोय झाल्याशिवाय कामाला हात घालू नका.

जाळी, ढाळ आणि कोबा

सगळ्यात जास्त गळती जाळीभोवती होते. जाळीखाली जी वाटी असते, जिला दुकानदार नहाणी ट्रॅप म्हणतात, ती आणि फरशी यांच्यामध्ये बारीक फट राहते. काम काढलेच आहे तर जुनी वाटी बदलून टाका. वाटीत नेहमी दोन इंच पाणी उभे राहील अशी ती असावी. तेच पाणी गटाराचा वास आणि झुरळे अडवते. वाटीभोवती बारीक खडीचे काँक्रीट दाबून भरावे. नुसता सैल माल लोटू नये.

मग ढाळ. गवंडी लोकांच्या भाषेत फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच. सहा फूट लांबीच्या न्हाणीघरात लांबच्या भिंतीपासून जाळीपर्यंत दीड इंच उतार झाला पाहिजे. तो नजरेच्या अंदाजाने नको. पाण्याने भरलेली लेव्हलची नळी लावून भिंतीवर खुणा करून घ्या. ढाळ द्यायचा तो खालच्या थराला. खालचा थर सपाट ठेवून फक्त टाइल्सना ढाळ दिला, तर सांध्यातून उतरलेले पाणी खाली साचून राहते.

ढाळासाठी विटांच्या तुकड्यांचा किंवा सिमेंट-वाळूचा कोबा करतात. भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथला काटकोन भरून सिमेंटची गोलाई करून घ्या. गवंडी तिला वाटा म्हणतात. भेग आधी त्या कोपऱ्यातच पडते, म्हणून वाटा हवाच. कोबा किमान सात दिवस ओला ठेवा. "उद्याच टाइल्स लावतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे पण ठामपणे थांबवा.

कोबा पक्का झाला की पाणी अडवणारा थर. सिमेंटमध्ये मिसळून ब्रशने लावण्याचे जलरोधक मिश्रण बाजारात मिळते. पुड्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवावे. दोन हात द्यावेत, पहिला उभा आणि दुसरा आडवा. कोपऱ्यांत आणि जाळीभोवती जाळीदार कापडाची पट्टी त्यात बसवावी. हा थर भिंतीवरही फूटभर चढवावा, आणि जिथे उभे राहून अंघोळ करतात तिथे डोक्याइतका.

आता परीक्षा. थर वाळला की जाळीत बोळा कोंबा, दारात मातीचा बांध घाला आणि उंच कोपरा बुडेपर्यंत पाणी भरा. पेन्सिलीने पातळी आखा. चोवीस तास, जमल्यास अठ्ठेचाळीस तास, पाणी तसेच राहू द्या. उन्हाने एखादे सूत उतरेल, त्याची काळजी नको. त्याहून जास्त उतरले किंवा पलीकडची भिंत ओली झाली, तर दोष आत्ताच शोधा. टाइल्स लावल्यावर तो शोधायचा म्हणजे पुन्हा छिन्नी आली.

हिशेब

आम्ही कारकुनी पेशाचे, बी. कॉम. झालेले. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. सहा बाय चारचे न्हाणीघर धरू. फरशी २४ चौरस फूट. भिंतींचा घेर २० फूट, चार फूट उंचीपर्यंत टाइल्स लावल्या तर ८० चौरस फूट, त्यातून अडीच फुटी दाराचे १० वजा, उरले ७०. म्हणजे एकूण टाइल्स ९४ चौरस फूट. तूट-फूट आणि कापणीसाठी दहावा हिस्सा जास्त धरा, साधारण १०४ झाल्या. दोन-चार टाइल्स जपून ठेवा, पुढे तशाच रंगाच्या मिळत नाहीत.

जलरोधक थर किती? फरशीचे २४ आणि फूटभर चढवलेले साडेसतरा, एकूण साडेएकेचाळीस चौरस फूट. अंघोळीच्या जागेचा थोडा वाढवला तरी टाइल्सच्या निम्म्याच्या आसपास. कोब्यासाठी सरासरी दोन इंच जाडी धरली तर ४ घनफूट तयार माल लागतो. कोरड्या मालाच्या हिशेबाने ते सव्वापाच घनफुटांच्या आसपास जाते. एकास चार प्रमाण धरले तर साधारण एक पोते सिमेंट आणि सव्वाचार घनफूट वाळू. हे आकडे कागदावर घेऊन दुकानात जा. मग कोणी "तीन पोती लागतील" म्हणाले तर का लागतील हे विचारता येईल.

यातून आमचे सांगणे एवढेच. पैसे कमी पडले तर टाइल्स कमी करा, खालचा थर कमी करू नका. भिंतीला चार फुटांऐवजी दोन फूट टाइल्स लावा. तेही जमत नसेल तर चांगला घोटीव कोबा किंवा शहाबादी फरशी टाकून वापर सुरू करा, टाइल्स पुढच्या वर्षी लावा. नीट ढाळ असलेला साधा कोबा चालतो. गळक्या जमिनीवरची चकचकीत टाइल चालत नाही. व्याजाने पैसे काढून पाहुण्यांसाठी चकाकी विकत घेऊ नका.

टाइल्स निवडताना आणि लावताना

फरशीसाठी भिंतीची टाइल घेऊ नका. भिंतीची सिरॅमिक टाइल तिच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषते, आणि ती गुळगुळीत असते. फरशीची व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही शोषत नाही. खरबरीत पृष्ठाची, एक बाय एक फुटाची किंवा त्याहून लहान टाइल न्हाणीघराला बरी. लहान टाइलला ढाळ नीट देता येतो आणि जास्त सांध्यांमुळे पाय घसरत नाही. दुकानात टाइलवर पाणी टाकून ओल्या तळव्याने पाहा.

सिरॅमिक टाइल सिमेंटच्या रगड्यावर लावायची तर आधी पाण्यात भिजवावी, नाही तर ती मालातले पाणी ओढून घेते आणि माल कच्चा राहतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही म्हणून तिला नुसता सिमेंटचा रगडा नीट धरत नाही. तिच्यासाठी टाइल चिकटवण्याचा तयार मसाला वापरावा. मसाला टाइलच्या पूर्ण पाठीला लागला पाहिजे. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल बसवली, की मधे पोकळी राहते आणि पाणी तिथे मुक्काम करते. दोन टाइल्समध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी. दुसऱ्या दिवशी सांधे भरावेत. परवडत असेल तर फरशीचे सांधे एपॉक्सीने भरावेत, कारण त्यातून पाणी झिरपत नाही.

कारागिराचा विचार

हे काम करणारा मिस्त्री आणि त्याचा बिगारी बहुधा आपल्याच समाजबांधवांपैकी असतो. त्याचे पैसे अडवू नका आणि आपले पैसेही उधळू नका. काम उक्ते दिले तर कागदावर चार टप्पे लिहा: फोडकाम, कोबा, पाणी भरून घेतलेली परीक्षा, टाइल्स. प्रत्येक टप्पा झाला की त्याचे पैसे त्याच दिवशी द्या. परीक्षेसाठी थांबायचे दिवस आधीच सांगा, म्हणजे तो त्या दिवसांत दुसरे काम धरू शकेल.

टाइल कापताना कोरडी कापू देऊ नका. त्या धुळीत सिलिका असते आणि वर्षानुवर्षे ती फुप्फुसात गेली की माणूस कायमचा दम्यासारखा धापा टाकू लागतो. पाण्याची धार सोडून कापावे, तोंडाला मुखपट्टी बांधावी. सिमेंट कालवणाऱ्या भगिनीला रबरी हातमोजे द्यावेत. आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या बांधवाने व भगिनीने महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. मुळात १९९६ च्या केंद्रीय कायद्याने हा हक्क दिला. बिगारी काम करणाऱ्या स्त्रियाही कामगारच आहेत, त्यांची नोंदणी मागे ठेवू नका.

काम झाल्यावर

आपल्याकडे बोअरचे पाणी जड. टाइल्सवर पांढरे डाग बसतात आणि लोक ॲसिडची बाटली आणतात. डाग निघतात, पण त्याबरोबर सांध्यातले सिमेंटही विरघळते. दोन-चार वर्षे असे केले की सांधे पोखरले जातात आणि फरशीची ओल पुन्हा सुरू. त्याऐवजी अंघोळीनंतर फरशीवरचे पाणी रबरी वायपरने जाळीकडे ओढून टाकावे, म्हणजे डाग बसतच नाहीत. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

शेवटचा प्रश्न, जाळीतून गेलेले पाणी कुठे जाते? ते भिंतीमागेच साचत असेल तर केलेला सगळा खर्च पाण्यात गेला म्हणायचा. गटार नसेल तर घरापासून दूर शोषखड्डा घ्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून सांडपाणी आणि डास दोन्हींवर मात केली. आपल्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा.

या महिन्यात एवढे करा. आज रात्री टाकीची पातळी आखून झोपा, आणि रविवारी चमच्याच्या दांड्याने एक-एक टाइल वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर पावसाळ्याची वाट पाहू नका. आणि शेजारच्या म्हाताऱ्या आजींच्या न्हाणीघरातही एकदा डोकावून या. त्यांची टाइल हलते का हे त्यांना वाकून पाहता येत नाही.

जयभीम!